बिनवेलचीची वडी

७ जानेवारी, मंगळवार

दशमी कडक का झाली म्हणाल, तर दूध नाही. दशमी दुधात भिजवायची असते, म्हणून ती प्रवासात टिकते नि मऊ राहते. पाण्यात भिजवली की झाली भाकरी. या घरात दूध नाही, दही नाही, तूप नाही. ओटचं दूध आहे. ओट म्हणजे घोड्याला घालतात ते. त्याचं पाणी पिळायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं नि त्याला दूध म्हणायचं. त्यात पीठ भिजवलं, झाली कडक. मला कुणी विचारलेलं नाही. पण विचारतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

ही वही विशाखानं दिली, माझ्या सुनेनं. "आई, दिवसभर एकट्या असता, लिहा काहीतरी." सातवीतून शाळा सुटलेली बाई काय लिहिणार? कराडला पिठाची गिरणी चालवली मी, हे गेल्यावर एकटीनं. तिथं पाटीवर दळणाचा दर लिहायचा, संपलं. पण इथं टीव्हीवरचं अक्षर कळत नाही. बाहेर जावं तर वारा ढकलून परत घरात आणतो. तेव्हा लिहिते.

माझा मुलगा अंबरीश इथं हॉलंडात उइटहॉर्नला घर घेऊन बसला आणि नोकरी लागली नायमेखनला. चिप बनवतात तिथं. बटाट्याच्या नाही, कॉम्प्युटरच्या. मंगळवारी अंधारात ट्राम, मग ट्रेन, ते गुरुवारी रात्री परत. मधल्या दोन रात्री तिकडेच हॉटेलात. त्यात इथल्या डॉक्टरनं, हाउसआर्ट्स म्हणतात त्याला, रक्त तपासून सांगितलं कोलेस्टेरॉल वाढलंय. झालं. विशाखानं घरातली गाय-म्हैस हाकलून दिली. सगळं झाडपाल्याचं. आणि प्रवासाचा डबा कसा असावा याचं तर शास्त्रच. सांडायला नको, ट्रेनमध्ये वास यायला नको, गार खाता यायला हवं, कडधान्य हवं, वर बिया भुरभुरायला हव्यात.

म्हणलं, "अगं, डबा भरायचाय का परीक्षा द्यायचीय?"

"आई, तो स्टेशनवर क्रोकेटा खातो. तळलेल्या. रोज."

"मग खाऊ दे. त्याचा बाप वडे खाऊन जगला."

"बावन्नला गेले ना ते?" म्हणाली. हळूच, पण म्हणाली.

मग मीच म्हणलं, डबा मी भरते. तू जा तुझ्या डीमनच्या ऑफिसला.

कराडहून आणलेला तीन पुडाचा स्टीलचा डबा काढला. खाली दशम्या, मधे मटकीची कोरडी उसळ, वर शेंगदाण्याची चटणी नि खजूर. टोफू म्हणून एक पांढरी वीट असते फ्रिजमध्ये, ती नाही घातली. मला लाज आहे.

९ जानेवारी, गुरुवार

डबा परत आला. घासून, पुसून, कोरडा. म्हणलं, पोरगा सुधारला. शाळेत असताना डबा दप्तरात आठ दिवस आंबायचा. तर खालच्या पुडात साखरेची पुडी. कॉफीबरोबर मिळते ती, लांबडी.

"हे काय रे?"

बघितलं त्यानं. पुडी उलटसुलट केली. "मराठे म्हणून आहेत एक, ऑफिसात. त्यांच्याकडे राहतो मी हल्ली. हॉटेल फार लांब पडतं."

"म्हणजे त्यांनी घातली साखर?"

"असेल."

काय सांगू, बरं वाटलं. भांडं रिकामं परत करू नये, काही नाही तर चिमूटभर साखर घालावी, हे इथं येऊनही ध्यानात ठेवलंय कुणीतरी. मराठ्यांची बायको वळणाची दिसते.

अंबरीश म्हणाला, "विशाखाला नको बोलू. हॉटेल म्हणूनच सांगितलंय. परक्याच्या घरात पडून राहतो म्हणून तिला उगाच लागेल."

मी कशाला बोलते. पोरानं आईला सांगितलं, बायकोला नाही. अजून तेवढी आई आहे म्हणायची.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचा तिळगूळ मंगळवारी डब्यातून मराठ्यांकडे पाठवला होता. आज वरच्या पुडात नारळाच्या वड्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, सगळ्या सारख्या कापलेल्या. तूप नाही, दूध नाही, नुसता नारळ नि साखर. वेलचीही नाही. बरं झालं. अंबरीशला लहानपणापासून वेलची चालत नाही, दाताखाली आली की ताट सरकवतो. मी पहिल्यापासून त्याच्या वाटणीच्या बिनवेलचीच्या करते नि बाकीच्यांच्या वेलचीच्या.

"त्यांच्या बायकोला सांग, आईला वडी आवडली."

"हं," म्हणाला नि मोबाइल घेऊन वर गेला.

वड्या मीच खाल्ल्या, विशाखा कपड्यांच्या घड्या करत होती तेव्हा. तिला दिसल्या असत्या तर नारळात किती चरबी नि साखरेत किती काय, सगळं ऐकावं लागलं असतं. डबा मी सोडते, मी घासते. तिला दिसायचा प्रश्नच नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज झालं बोलणं. व्हायचंच होतं.

विशाखा लग्न करून आली तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आली. किती वर्षं घरात बसून त्यांची भाषा घोटली. घशातून ख काढायला शिकली. मग इथं तात्पुरतं, तिथं तात्पुरतं, आणि आता डीमनला एका ऑफिसात कायम झाली. त्याचं मोठं कौतुक. तो कागद आला त्या दिवशी रडली म्हणे. मी म्हणलं, कागदाचं काय रडायचं?

"नवरा तिकडे, तू इकडे. हा कसला संसार? त्या मराठ्यांचं बघ," असं तोंडावर आलं होतं, गिळलं. "तू नायमेखनला गेलीस तर त्याला ही दगदग नाही नि हा डबा नाही. गरम जेवेल."

"आणि माझी नोकरी?"

"नोकरी काय, तिकडे मिळेल."

"आई, ही मिळायला मला सहा वर्षं लागली."

"आणि पोर?" हे बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. बोलले.

उठून गेली. डिशवॉशर मोठ्यानं लावला. अंबरीश सोफ्यावर होता, त्यानं मान वर केली नाही. मी बोलले ते त्याच्यासाठी, तर निदान हो तरी म्हणावं. नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अंबरीशचं पोट सुटलंय. झाडपाला खाऊन कुणाचं पोट सुटतं? पण तोंडावर तेज आहे. नवा शर्ट घेतलाय, हिरवा. जन्मात हिरवा घातला नाही. आंघोळीला गेला की शीळ घालतो. म्हणलं, कोलेस्टेरॉल उतरलं वाटतं.

आज वड्यांबरोबर थोडा चिवडाही होता, भाजक्या पोह्यांचा. मी विचारलं, दशमी कशी झाली होती? म्हणाला, "ती म्हणते ओटच्या दुधात थोडं तेल फेटून घे, मऊ राहील."

"ती कोण? मराठ्यांची बायको का?"

"हो. म्हणजे… हो."

करून बघितलं. मऊ झाली. विशाखालाही शिकवलं. बाई हुशार आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल यायचा होता, आज आला, तेही रात्री. ऑफिसात काम निघालं म्हणे. विशाखानं काल वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं, झाकण न उघडता फ्रिजमध्ये गेलं. आज परत काढलं, टेबलावर मेणबत्ती लावली. इथला काहीतरी सण आहे, दुकानात सगळीकडे लाल बदाम टांगलेत. तो म्हणाला, मी जेवून आलोय.

तिनं मेणबत्ती फुंकली. भरीत आम्ही दोघींनी खाल्लं. चांगलं झालं होतं. सांगायला हवं होतं, राहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विशाखा संध्याकाळी आली ती कोट न काढताच माझ्यासमोर बसली.

"आई, तुम्ही म्हणत होतात ते खरंय. तो दमतो. घरी असतो तरी घरी नसतो. मी ठरवलंय. नोकरी सोडते. नायमेखनला जाऊन राहू."

"अगं, खरंच?"

"सोमवारी राजीनामा देते. त्याला नका सांगू. देऊन झाला की मी सांगणार. बघू तरी तोंड कसं होतं."

हसली. आले तेव्हापासून एवढी हसलेली बघितली नव्हती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझं ऐकलं शेवटी. गिरणीत खडा अडकला की दोन दणके घालावे लागतात, मग दगड फिरतो.

अंबरीश रात्री आला. आज स्टीलच्या डब्यात मावलं नाही म्हणून वेगळा डबा आलाय, निळ्या झाकणाचा. भरून वड्या. आता हा परत करताना मलाही काहीतरी घालायला हवं. आता जायचंच आहे तिकडे, तर आधीपासून घरोबा असलेला बरा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अंबरीश सायकल घेऊन बाहेर गेला. विशाखा मोबाइलवर नायमेखनची घरं बघत होती. मला दाखवत होती, ही खिडकी, ही गॅलरी. मी म्हणलं, ओळख नसलेल्या गावात काय, असं नको वाटून घेऊ, मराठे आहेत की.

"कोण मराठे?"

"त्याच्या ऑफिसातले. घरच्यासारखे आहेत. ते नि त्यांची बायको."

तिनं जरा आठवलं. मग फसकन हसली. "चैत्राली मराठे? आई, ते नाहीत, ती आहे! त्याच्या टीममध्ये. तिचं लग्न कुठं झालंय? तिथंच शिकली, एकटी राहते. नुसतं 'मराठे' ऐकून तुम्हाला टोपी घातलेले मराठेकाका वाटले होय?"

किती हसली. डोळ्याला पाणी येईस्तोवर. मी पण हसले. हसावं लागलं.

"पण तुम्हाला कशी माहीत ती?"

"फोनवर बोलताना नाव ऐकलं," म्हणलं नि स्वयंपाकघरात आले.

निळ्या झाकणाचा डबा फडताळात मागे ठेवला होता, पिठाच्या मागे. काढला. एक वडी तोंडात घातली. नारळ, साखर, बास.

दुसऱ्याच्या घरी पाठवायची नारळाची वडी बिनवेलचीची कोण करतं? कुणी करत नाही. वेलची नसली तर शेजारणीकडून आणतात. बिनवेलचीची वडी एकाच माणसासाठी होते. आणि ती मी करायचे.

कळलं तेव्हा वडी अर्धी तोंडात होती. गिळली.

त्याच दिवशी, दुपारी

अंबरीश आला तेव्हा विशाखा दुकानात गेली होती. तो मागे सायकलला कुलूप घालत होता, तिथंच गाठलं. फिरवून बोलायची मला सवय नाही.

"मराठे बाई आहे होय रे?"

कुलूप घालत राहिला. एकदा किल्ली पडली.

"आई, तू अजून किती दिवस आहेस? व्हिसा संपला की जाशीलच. तोवर गप्प राहा. मी सांगणार आहे विशाखाला. वेळ बघून."

"कुठली वेळ? ती सोमवारी नोकरी सोडतेय. तुझ्यासाठी. तिकडे यायला."

हे त्याला माहीत नव्हतं. तोंड उतरलं. मला वाटलं, आता म्हणेल, थांबव तिला. आत जाईल, बूट काढेल, तिची वाट बघत बसेल. आई आहे मी. वाटलं.

म्हणाला, "तो तिचा निर्णय आहे. मी नाही सांगितलं सोडायला. तूच मागे लागली होतीस तिच्या."

खरंच बोलला. त्याचाच राग आला.

"आणि माझ्या डब्यातून काय चाललं होतं?"

"अगं, ती रिकामा डबा परत देत नाही. सवय आहे तिची. मी म्हणलं होतं नको घालू." आणि जरा हसला. तिच्या सवयीचं कौतुक करत हसला. तेवढ्यात विशाखाची सायकल वळली, दोन्ही बाजूंना पिशव्या. पिशवीतून ओटच्या दुधाची खोकी दिसत होती. मंगळवारच्या दशमीची.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारपर्यंत काही केलं नाही. पोटचा पोरगा आहे. दळणाच्या पैशावर शिकवला. एक शब्द बोलले तर तो तुटणार, हे काय मला कळत नाही? कळतं. आणि नाही बोलले तर ही उद्या कागद देणार. मग बसेल त्या गावात एका खोलीत, ना नोकरी ना नवरा. आणि सांगेल सगळ्यांना, सासूनं सांगितलं म्हणून सोडली.

अंबरीश वर झोपला होता. झोप येते त्याला.

विशाखा टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. राजीनामाच लिहीत होती, त्यांच्या भाषेत. मी निळ्या झाकणाचा डबा आणला नि त्या लॅपटॉपसमोर ठेवला.

"हे काय?"

"खाऊन बघ."

"आई, मी गोड—"

"खा म्हणलं ना."

तिनं कोपरा मोडला. चावला. "छान आहे. तुम्ही केली?" मग थांबली. जीभ फिरवली तोंडात. परत एक तुकडा घेतला, तो चावला नाही, नुसता धरला.

"वेलची नाहीये," म्हणाली.

मी डबा तिच्याकडे आणखी सरकवला.

"नारळाची वडी आणि वेलची नाही." डबा उचलून खालून बघितला, वरून बघितला. "हा डबा आपला नाही. कुणी केल्या?"

"मराठ्यांनी."

पोरीनं हातातला तुकडा झाकणावर ठेवला. हळूच, जसा काही तो फुटेल. हाताला लागलेला चुरा टेबलाच्या कडेला झाडला. वर बघितलं, जिन्याकडे. मग माझ्याकडे.

"हॉटेल?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"कालपासून."

"आणि वड्या कधीपासून येतात?"

"जानेवारीपासून. दर गुरुवारी."

"मला नाही दिसल्या कधी."

"मी खाल्ल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. तू बोलशील म्हणून. चरबी, साखर."

तिला हसू आलं. कालचं नाही, वेगळं. "मी त्याच्या डब्यात बिया मोजून घालायला सांगत होते," म्हणाली. लॅपटॉपचं झाकण लावलं. मग विचारलं, "मला आत्ता का सांगितलंत? उद्या द्यायचा होता म्हणून? की सोमवार नसता तर नसतं सांगितलंत?"

मी जो विचार केला नव्हता तो तिनं केला. उठून वर गेली. आवाज झाला नाही. मला वाटलं होतं भांडी पडतील, दार आपटेल. काही नाही. बराच वेळ नुसतं बोलणं ऐकू येत होतं, तेही डचमध्ये. दोघं मराठी घरात डचमध्ये भांडत होते. मला कळू नये म्हणून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विशाखा काल कामाला गेली. कागद दिला नाही. एवढं झालं.

अंबरीश आज पहाटे निघाला, मोठी बॅग घेऊन. गुरुवारी येणार नाही. मी उठले होते. डबा भरला नव्हता. पीठसुद्धा काढलं नाही. खाईल स्टेशनवर क्रोकेटा.

दारात म्हणाला, "तुझं काय जात होतं गं गप्प बसायला? आई ना तू माझी?"

निळ्या झाकणाचा डबा मी घासून, पुसून ठेवला होता. उरलेल्या वड्या हिरव्या कचरापेटीत टाकल्या. डबा त्याच्या हातात दिला.

"हा त्यांचा परत कर."

त्यानं हलवून बघितला. वाजला नाही. झाकण उघडलं. मी जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. गिरणीवर एक म्हातारी यायची, तिच्या डब्यात पिठावर गुळाचा खडा ठेवून द्यायचे. आज साखरेचा कण नाही घातला. चिमूट हातात घेतली होती, परत बरणीत टाकली.

"रिकामा आहे," म्हणाला.

"तिला कळेल," म्हणलं. "आपल्यातलीच आहे ना."

ट्राम गेली. मी थोडा वेळ दारात होते. इथं कुणी कुणाच्या दारात बघत नाही, ते एक बरं.

४ मार्च, मंगळवार

तिकीट अलीकडचं केलं. मीच म्हणलं, मला जायचंय. विशाखानं दोन मिनिटांत करून दिलं. राहा म्हणाली नाही. मी थांबून बघितलं, म्हणते का. नाही.

आठवडाभर एका घरात दोघी होतो. ती वेळेवर जायची, वेळेवर यायची. जेवायला वाढायची. "भात?" "पुरे." एवढंच. एकदा मी म्हणलं, "मी तुझ्या बाजूनं बोलले ना?" तर म्हणाली, "हो आई. शेवटी." आणि ताट उचललं.

आज विमानतळावर सोडायला आली. रजा घेऊन. आत जायच्या आधी पिशवीतून डबा काढून दिला. प्लास्टिकचा, पातळ, भाजीवाल्याकडे फुकट मिळतो तसला. दशम्या, चटणी, भाजलेले चणे, खजूर. सगळं कागदात वेगवेगळं बांधलेलं. सांडणार नाही, वास येणार नाही.

"उठून करत बसलीस? माझा तीन पुडाचा होता की घरात. त्यात द्यायचं. पोचले की कुणाबरोबर तरी—"

"डबा परत नको, आई," म्हणाली.

वाकून नमस्कार केला, नीट, दोन्ही हातांनी. येते म्हणाली नाही, या म्हणाली नाही. गेली.

विमानात बसून लिहितेय. शेजारचा माणूस बघतोय वहीत, बघू दे, त्याला काय कळणार. दशमी खाल्ली एक. मऊ होती. तेल फेटलं होतं ओटच्या दुधात. ते तिला मी शिकवलेलं, आणि मला कुणी शिकवलं ते तिनं आता ओळखलं असणार.

कराडला बायका विचारतील, लवकर कशी आलीस, मुलगा कसा आहे, सून कशी आहे, काही गोड बातमी का. सांगणार नाही. या वहीतही आता लिहिणार नाही. पुढची पानं कोरी आहेत, कोरीच राहू देत.